ताणा सारखा तुटतोय? आधी तुटलेलं टोक बघा

तक्रार नेहमी याच क्रमाने येते. यंत्रमागावर नवा बीम (ताण्याच्या, म्हणजे कापडातल्या उभ्या तारांचा रूळ) चढला, पहिली पाळी बरी गेली, आणि मग तारा तुटायला लागल्या. कामगार एक तार जोडून वहीतून (तारा वर-खाली करणाऱ्या डोळ्यांच्या चौकटीतून) ओवतो, तोवर शेजारचा माग थांबलेला असतो. मालक सूत व्यापाऱ्याला फोन करतो. व्यापारी सायझिंगकडे (ताण्याला खळ लावणाऱ्या कारखान्याकडे) बोट दाखवतो, सायझिंगवाले मागाचं सेटिंग तपासायला सांगतात, आणि जॉबरच्या (माग जुळवणाऱ्या कारागिराच्या) मते सूतच हलकं असतं. शेवटी पुढच्या बीमला खळ (धाग्यावरचा कांजीसारखा लेप) वाढवून मागितली जाते. एखाद्या वेळी त्याने गुण येतो आणि तोच उपाय कायमचा होऊन बसतो. काही बीम गेले की दुखणं परत हजर.

ते परत येतं, कारण दर वेळी तुटण्याचं कारण वेगळं असतं आणि उपाय मात्र मागच्या वेळचाच लावला जातो. सूत बदलायचं, खळ वाढवायची की मागाला हात घालायचा, हे तुटलेली तारच सांगू शकते. ती कशी वाचायची आणि वाचून सुताकडे कसं बघायचं, ते इथे मांडतो आहे. डोळ्यांसमोर इचलकरंजीतला साधा माग आणि ४० काउंटचा (काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचा आकडा) एकेरी सुती ताणा आहे. जाड सुताला किंवा पॉलिस्टर-मिश्र सुताला जिथे वेगळं लागू होतं, तिथे तसं सांगेन.

सरासरी ताकदीवर विसंबू नका

४० काउंटचा चांगला रिंग (नेहमीच्या रिंग कताईचा) धागा एकटा ताणून तोडायचा तर २०० ग्रॅमच्या पुढे जोर लागतो. चालत्या मागावर एका तारेला बसणारा ताण त्याच्या मानाने कितीतरी कमी असतो. मग तार तुटते कशी? तुटते ती तिच्या सगळ्यात दुबळ्या जागी, आणि तीही बहुतेक वेळा घासून घासून.

हिशेब करून बघा. ५० इंच पन्हा, इंचाला ७२ तारा, म्हणजे ३६०० तारा. माग मिनिटाला १५० पिकांनी (आडव्या धाग्याच्या फेऱ्यांनी) आणि ८० टक्के कार्यक्षमतेने चालला, तर १२ तासांच्या पाळीत ८६ हजारांच्या आसपास पिक पडतात. इंचाला ६८ पिक धरले तर सुमारे ३२ मीटर कापड होतं. त्या ३२ मीटरात ३६०० तारांचं मिळून ११५ किलोमीटर सूत जातं. दर १० किलोमीटरला सुतात एकच दुबळी जागा असली, तरी एका पाळीत अकरा-बारा तारा तुटणार. सरासरी ताकद कितीही चांगली असो, हे आकडे चुकत नाहीत.

घासण्याचा हिशेबही तसाच. बॅकरेस्टपासून (मागच्या आडव्या दांडीपासून) नवा बाणा (आडवा धागा) ठोकला जातो त्या जागेपर्यंत ४० इंच अंतर धरलं, तर तारेचा प्रत्येक कण तिथून पुढे सरकेपर्यंत ४० गुणिले ६८, म्हणजे २७२० पिक सोसतो. दर पिकाला वही वर-खाली, ताण कमी-जास्त. फणीच्या (बाणा ठोकणाऱ्या दातेरी पट्टीच्या) टप्प्यात आल्यावर फणीही त्याच जागेवरून पुढे-मागे घासत राहते. या सगळ्यात टिकायला धाग्याला ताकद लागते, थोडी लवचिकता लागते आणि अंगावरचे तंतू बसलेले असावे लागतात. तिन्हींपैकी एक कमी पडलं तरी तार जाते. रिपोर्टवरचा सीएसपीचा (काउंट आणि सुताच्या ताकदीच्या गुणाकाराचा) आकडा यातल्या पहिल्याच गोष्टीबद्दल बोलतो, तोही सरासरीने. म्हणून सीएसपी उत्तम असलेलं सूत मागावर रडतं, तेव्हा मला नवल वाटत नाही.

एक पाळी, एक माग, टोकं गोळा करा

सगळ्या मागांवर एकदम हे करायला जाऊ नका, कामगाराचा वेळ जातो आणि मजुरी पिकावर असते. सगळ्यात जास्त त्रास देणारा एक माग निवडा, एक पाळी ठरवा आणि त्या वेळेची मजुरी भरून द्या. तार तुटली की जोडण्याआधी तुटलेल्या दोन्ही टोकांचे बोटभर तुकडे कापून काळ्या कागदावर चिकटपट्टीने लावायचे. बाजूला लिहायचं: वहीच्या मागे, वही आणि फणीच्या मध्ये की फणीच्या पुढे, आणि पन्ह्यात साधारण कुठे, डावीकडे, मधे की उजवीकडे. पाळी संपली की पिक मोजायच्या भिंगाखाली कागद धरा.

टोक निमुळतं होत गेलेलं असेल आणि तंतू लांब, सरळ, एकमेकांवरून घसरल्यासारखे दिसत असतील, तर त्या जागी धागा बारीक होता किंवा पीळ कमी होता. तंतू तुटलेच नाहीत, निसटले. हा दोष सुताचा आहे. खळ वाढवून तो थोडा झाकता येतो, मिटवता येत नाही.

टोक आखूड, ब्रशसारखं सपाट असेल तर तंतू खरोखर तुटले आहेत. याची दोन कारणं. तुटलेल्या जागा पन्ह्यात कुठेही विखुरलेल्या असतील, तर बहुधा ताण जास्त आहे किंवा खळीत वाळवून धागा ठिसूळ झाला आहे. बोटांत धरून वाकवला की काडीसारखा ताठ लागतो आणि थोडं ताणताच तुटतो. सगळी टोकं एकाच पट्ट्यातली असतील, तर तिथे काहीतरी कापतंय: फणीचा गंजलेला किंवा वाकलेला दात, वहीचा झिजलेला डोळा, बाणा वाहून नेणाऱ्या धोट्याच्या लाकडाची निघालेली चीप. सूत आणि खळ दोन्ही निर्दोष.

टोकाजवळ तंतूंचा कापसासारखा गोळा झाला असेल, तर धागा केसाळ आहे किंवा खळीने अंगावरचे तंतू बसवलेले नाहीत. शेजारच्या तारांचे केस एकमेकांत अडकतात, वही उघडताना तारा सुटत नाहीत, आणि ज्या तारेची पकड कमी तिचा जीव जातो. अशा तारा बहुतेक वहीच्या मागे किंवा वही आणि फणीच्या मध्ये तुटतात, आणि बऱ्याचदा दोन-तीन एकदम.

गाठीजवळ तुटलं असेल तर गाठ बघा. कोनवर (शंकूवर गुंडाळून आलेल्या सुतात) हवेने जोडलेला सांधा असेल तर त्याची ताकद मूळ धाग्याच्या ८० ते ९० टक्के असते, आणि सांधा डोळ्याला जवळजवळ दिसत नाही. वार्पिंगला (तारा बीमवर गुंडाळताना) हाताने मारलेल्या गाठीची शेपटं लांब राहिली की ती फणीत अडकतात.

कागदावर तीस-चाळीस टोकं जमली की एक प्रकार उरलेल्यांपेक्षा ठळक दिसतो. पहिला हात त्याच्यावर घाला. चारही प्रकार सारख्याच संख्येने निघाले, तर सूत आणि सायझिंग दोन्ही तपासावे लागतील.

सुताकडे वळूया

इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला. तेव्हापासून मागाचं शहाणपण गावात पिढ्यान्‌पिढ्या साठत आलं आहे. पिकर (धोट्याला फटका देणारा भाग) ढिला झाला की जुना जॉबर आवाजावरून सांगतो. सूत मात्र गिरणीतून तयार कोनवर येतं, वर लेबल असतं, आणि आपण लेबलावर विश्वास ठेवतो. लेबलावर काउंट असतो. मागावर टिकायचं की नाही ते ठरवणाऱ्या बाकीच्या गोष्टी तिथे नसतात.

काउंटच आधी तपासा. ८४० यार्डांच्या किती लडी मिळून एक पौंड भरतो, तो सुती काउंट. आकडा जितका मोठा तितका धागा बारीक. रॅप रीलवर (सूत मोजून गुंडाळायच्या चाकावर) १२० यार्डांची एक ली काढून ग्रॅममध्ये तोला आणि ६४.८ ला त्या वजनाने भागा, काउंट मिळतो. ४० काउंटची ली १.६२ ग्रॅम भरायला हवी. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. एक ली काढून उपयोग नाही. वेगवेगळ्या कोनांतून निदान दहा काढा आणि सरासरीपेक्षा त्यांच्यातला फरक बघा. एक ली १.५५ ग्रॅम भरली तर तो जवळपास ४२ काउंट आहे, दुसरी १.७० भरली तर ३८. सरासरी चाळीसच येईल, लेबल खरं ठरेल, आणि बारीक कोनांच्या तारा मागावर तुटत राहतील. शिवाय रंगाईनंतर कापडात उभे पट्टे दिसतील ते वेगळेच.

दुसरी गोष्ट पीळ, आणि माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित. पीळ किती हवा ते काउंटच्या वर्गमूळावर ठरतं. ४० काउंटला ताण्यासाठी इंचाला साधारण २६-२७ फेरे लागतात. विणाईच्या, म्हणजे होजिअरीच्या सुताला मऊपणा हवा म्हणून २२-२३ फेरेच दिलेले असतात. बनियन-टीशर्टच्या कापडासाठी तेच योग्य. होजिअरीचा बाजार मंदावला की तेच सूत स्वस्तात यंत्रमागाकडे वळतं. काउंट चाळीस, दिसायला स्वच्छ, कधी कधी कोंब्डसुद्धा (विंचरलेल्या तंतूंचं). ताण्यात घातलं की निमुळत्या टोकांनी कागद भरून जातो.

आणि पीळ कमी असणं एवढ्यावर भागत नाही. होजिअरीच्या कोनला मेण लावलेलं असतं, सुईवरून धागा सहज सरकावा म्हणून. मेणामुळे खळ आत शिरत नाही आणि वरही नीट चिकटत नाही. सायझिंगवाल्याने सगळं नेमाने केलं तरी मागाखाली खळीची भुकटी पडते, आणि त्याला बिचाऱ्याला विनाकारण ऐकून घ्यावं लागतं. मेण ओळखायला पाण्याचा थेंब टाकून बघतात, पण त्यावर जाऊ नका. कच्च्या कापसाच्या अंगावरही नैसर्गिक मेण असतं, त्यामुळे बिनमेणाचा कोरा धागाही पाणी पटकन पीत नाही. खात्रीचा मार्ग एकच: खरेदीच्या वेळी 'ताण्याचं सूत, मेण नसलेलं' असं लेखी घेणं.

पिळाचा अंदाज घ्यायला एक सोपी चाचणी आहे. मीटरभर धागा ताणून धरा आणि दोन्ही टोकं हळूहळू जवळ आणा. पीळ जास्त असेल तर धागा लवकर स्वतःभोवती गुंडाळतो; कमी असेल तर बराच वेळ लोंबत राहतो. आधी चांगल्या चाललेल्या लॉटचा धागा शेजारी धरून तुलना करा. वाफेवर पीळ बसवलेलं सूत कमी गुंडाळतं, म्हणून ही चाचणी इशारा देते, निकाल नाही. शंका आली की प्रयोगशाळेत पीळ मोजून घ्या. पीळ जास्त म्हणजे ताकद जास्त असं मात्र समजू नका. एका मर्यादेपर्यंत ताकद वाढते, त्यापुढे ती घटते आणि धागा कडक होतो.

कार्डेड (नुसतं पिंजलेलं) आणि कोंब्डमधला फरक आखूड तंतूंचा. कोंबिंगमध्ये आखूड तंतू विंचरून काढले जातात, म्हणून धागा सारखा आणि कमी केसाळ होतो, आणि महाग. कॉम्पॅक्ट सूत (कातताना तंतू दाबून बसवलेलं) त्याहून कमी केसाळ असतं आणि त्याला खळही कमी पुरते. कापड साधं असेल तर चांगलं कार्डेड सूत नीट चालतं, उगाच कोंब्डचे पैसे घालायची गरज नाही. कापसासारखा गोळा होणाऱ्या टोकांचा त्रास हटत नसेल, तेव्हाच हा खर्च परवडतो.

१०, १६, २० असे जाड काउंट वापरणाऱ्यांनी ओपन-एंडकडे (रिंगऐवजी रोटरवर कातलेल्या सुताकडे) लक्ष द्यावं. ते रिंगपेक्षा स्वस्त असतं, जास्त सारखं असतं, ताणल्यावर थोडं जास्त लांबतं, पण ताकद रिंगच्या मानाने १५ ते २० टक्के कमी. ताण्यात चालतं, पण रिंगसाठी लावलेल्या ताणावर नव्हे. रिंगच्या नावाखाली ओपन-एंड आलंय का, हे उकलून कळतं. रिंग धाग्याचा पीळ उलटा सोडवला की तंतू समांतर मोकळे होतात. ओपन-एंड तसा सुटत नाही, काही तंतू पट्ट्यासारखे बाहेरून आवळून बसलेले भिंगाखाली स्पष्ट दिसतात.

दुपदरी सुताचा प्रश्न वेगळा. दोन धागे एकत्र पिळले की एकाची दुबळी जागा दुसरा सांभाळतो आणि केसही बांधले जातात. म्हणून दुपदरी ताणा बऱ्याचदा खळीशिवाय चालतो. तिथे तुटायला लागलं तर मागाकडे आधी बघा.

हंगामाचाही संबंध आहे. कापसाचं वर्ष ऑक्टोबरपासून मोजतात. नवा कापूस बाजारात आला की गिरण्या मिश्रण बदलतात, आणि त्याच गिरणीचं, त्याच लेबलाचं सूत थोडं वेगळं वागतं. एकाच बीममध्ये दोन लॉट मिसळू नका. दोन लॉटचं लांबणं वेगळं असेल तर सायझिंगमधून बाहेर पडताना काही तारा ढिल्या आणि काही ओढलेल्या राहतात. ओढलेल्या तुटतात, ढिल्या धोट्याच्या वाटेत येतात.

सायझिंगकडून काय विचारायचं

'खळ किती टक्के घातली' हा प्रश्न सगळे विचारतात. ते स्वतः तपासता येतं. बीमच्या शेपटीतून १२० तारांचे एकेक यार्डाचे तुकडे कापा. झाली एक ली. ४० काउंटला बिनखळीची ली १.६२ ग्रॅम, १० टक्के खळ असेल तर १.७८ च्या आसपास भरेल. एकेरी ४० काउंटला साधारण १० ते १२ टक्के पुरतात.

त्याहून महत्त्वाचे दोन प्रश्न मात्र विचारले जात नाहीत. सायझिंगमध्ये धागा किती ओढला? सुती धाग्याला एक-दीड टक्क्याच्या पुढे ओढ देऊ नये. एकेरी सुती धागा तुटेपर्यंत जेमतेम ५-६ टक्के लांबतो. त्यातले तीन टक्के सायझिंगने खाल्ले, तर मागाच्या झटक्यांसाठी त्याच्याकडे फारसं काही उरत नाही. आणि बीमवर ओलावा किती ठेवला? ६ ते ८ टक्के हवा. वाफ जास्त आणि वेग कमी झाला की धागा कोरडा ठणठणीत होतो, खळीचा थर तडकतो. आखूड सपाट टोकं आणि मागाखाली पांढरी भुकटी एकत्र दिसली, तर खळ वाढवायला सांगू नका. वाळवणं कमी करायला सांगा. इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण जास्त खळीने धागा आणखी ताठ होतो.

पॉलिस्टर-मिश्र सुताला नुसत्या स्टार्चची खळ धरत नाही, त्यात पीव्हीए किंवा ॲक्रिलिक (कृत्रिम चिकट द्रव्य) लागतं. व्हिस्कोज ओलं झालं की त्याची ताकद निम्म्यावर येते, म्हणून सायझिंगमधली ओढ त्याला सुतीपेक्षाही जास्त बाधते.

दुपारी तुटतं, रात्री नाही

हे लक्षण दिसलं तर सूत आणि खळ दोन्ही बाजूला ठेवून हवेकडे बघा. कापूस ओलावा धरतो तेव्हा अधिक मजबूत आणि लवचिक असतो. सुती विणकामाला मागाच्या खोलीत ७५ ते ८० टक्के आर्द्रता लागते. मार्च ते मे महिन्यांत पत्र्याखालच्या शेडमध्ये दुपारी ती निम्म्यावर येते. कोरड्या आणि ओल्या गोळ्याचा तापमापक भिंतीला लावा. कोरडा ३२ आणि ओला २८.५ अंश दाखवत असेल तर आर्द्रता ७५ च्या वर आहे. कोरडा ३८ आणि ओला २६ असेल तर ती ४० च्याही खाली आहे, आणि तिथे कोणतंच सूत धड चालणार नाही.

नुसतं पाणी फवारू नका. तापलेल्या शेडमध्ये दमटपणा वाढवला तर माग चालेल, पण माणूस आजारी पडेल. आधी पत्र्यावर पांढरा रंग किंवा खाली आच्छादन करून उष्णता कमी करा, मग फवारा. तापमान उतरलं की थोड्या पाण्यातही आर्द्रता वर जाते.

मागाची तपासणी जॉबरला शिकवायची गरज नाही. एवढंच सांगतो की तारेचा ताण कमी करायला पैसे लागत नाहीत. बीमच्या ब्रेकवरचं वजन, बॅकरेस्टची उंची, वही उघडायची वेळ आणि उघडण्याची मर्यादा, हे चार मुद्दे नवीन लॉटचा पहिला बीम चढताना पुन्हा बघा. आधीच्या सुताला जुळलेलं सेटिंग या सुताला जुळेलच असं नाही.

खर्चीवाल्यांसाठी

सूत व्यापाऱ्याचं, बीम व्यापाऱ्याचा, आपली फक्त मजुरी, अशा वेळी हे सगळं कोणी तपासायचं? तुटलेल्या तारांचा तोटा मात्र खर्चीवाल्याचाच, म्हणजे मजुरीवर विणून देणाऱ्याचाच असतो, कारण माग उभा राहिला की पिक पडत नाहीत. बीम चढल्यावर तक्रार केली तर 'बाकीच्यांकडे हाच लॉट चालतोय' हे उत्तर ठरलेलं. म्हणून बीम ताब्यात घेतानाच तीन गोष्टी लिहून घ्या: सुताचा लॉट क्रमांक, ताण्याचं सूत आहे का, आणि सायझिंगची तारीख. त्याच लॉटचा बीम आणखी कोणाकडे गेलाय ते विचारून त्याच्या मागावरचीही टोकं बघा. दोन्हीकडे निमुळती टोकं निघाली तर बोलणं सुताबद्दल करा. त्याच्याकडे ठीक आणि तुमच्याकडेच त्रास असेल तर आधी स्वतःचा माग आणि शेडमधली हवा बघा, मग फोन करा. टोकांचा कागद आणि पाळीवार तुटीची नोंद घेऊन गेलात, तर मजुरीतली तूट मागण्याला आधार राहतो, आणि पुढच्या बीमला नेमकं काय बदलायचं तेही त्याच बैठकीत ठरवता येतं.